शकुंतला रेल्वे : वऱ्हाडातील एका मालवाहू लोहमार्गाचा इतिहास आणि मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

पश्चिम विदर्भातील यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर या गावांना जोडणारा नॅरोगेज लोहमार्ग जनमानसात 'शकुंतला' या नावाने ओळखला जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७६ किलोमीटर आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा. भारतीय रेल्वेच्या प्रचंड विस्तारात हे अंतर नगण्य वाटावे असेच आहे. तथापि मालकीच्या दृष्टीने या मार्गाचा इतिहास असाधारण ठरतो, कारण देशातील लोहमार्ग शासनाच्या मालकीचे झाल्यानंतरही हा मार्ग अनेक दशके एका खाजगी कंपनीच्या मालकीचा राहिला.

या रेल्वेविषयी तीन विधाने वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून आणि आमच्या वर्गांतूनही वारंवार ऐकू येतात. पहिले विधान असे की, ही रेल्वे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी बांधली गेली. दुसरे असे की, ती आजही इंग्रजांच्या मालकीची असून भारत सरकार त्यासाठी इंग्रजांना पैसे मोजत आले. तिसरे असे की, स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण करताना हा मार्ग ताब्यात घ्यावयाचे शासन विसरले. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही ही विधाने निःशंकपणे करतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, परंतु तिन्ही जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत.

सदर लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) या लोहमार्गाच्या उभारणीमागील आर्थिक कारणे स्पष्ट करणे, (२) त्याच्या मालकीचे नेमके स्वरूप समजून घेणे, (३) राष्ट्रीयीकरणाच्या काळात तो खाजगी का राहिला याचा विचार करणे, आणि (४) मालकीच्या या स्वरूपाचा मार्गाच्या ऱ्हासाशी असलेला संबंध तपासणे.

वऱ्हाडचा कापूस आणि लोहमार्गाचे आगमन

१८५३ हे वर्ष वऱ्हाडच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्याच वर्षी हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे आला आणि १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडण्यात आला. या रेल्वेची मालक असलेल्या कंपनीच्या नावात 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' हे शब्द येतात, त्याची पार्श्वभूमी हीच आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जी.आय.पी., भुसावळमार्गे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावच्या शाखेचे उद्घाटन झाले. बडनेऱ्याहून अमरावतीची शाखाही त्याच सुमारास सुरू झाली. खामगाव आणि अमरावती या दोन बाजारपेठा अशा रीतीने मुंबई बंदराशी थेट जोडल्या गेल्या.

परंतु मुख्य मार्ग वऱ्हाडच्या मध्यातून पूर्व-पश्चिम गेला होता. त्याच्या दक्षिणेकडील कारंजा, दारव्हा, यवतमाळ आणि उत्तरेकडील दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर हे कापसाचे प्रदेश लोहमार्गापासून दूरच राहिले. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ काळ्या मातीच्या वाटांवर बैलबंडी चालविणे किती कठीण, हे या भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको. दिवाळीनंतर कापूस निघू लागला की बंड्यांच्या रांगा स्टेशनांकडे निघत. मालाची किंमत बाजारभावाइतकीच या बंडीच्या प्रवासावर अवलंबून असे. ही उणीव चाळीसहून अधिक वर्षे कायम राहिली आणि ती भरून काढण्यासाठी पुढे खाजगी भांडवल पुढे आले.

शाखामार्ग कंपनीची घडण

एकोणिसाव्या शतकातील मोठे लोहमार्ग 'हमी पद्धती'ने बांधले गेले. सरकारने जमीन विनामूल्य द्यावी, भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी द्यावी आणि ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा अधिकार राखून ठेवावा, असे तिचे स्वरूप होते. या पद्धतीवर दादाभाई नौरोजींसह अनेक भारतीय विचारवंतांनी कठोर टीका केली, कारण तोटा झाला तरी व्याज मात्र भारतीय करदात्याच्या खिशातून जात असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य मार्ग बहुतेक पूर्ण झाले होते. प्रश्न उरला होता तो त्यांना माल पुरविणाऱ्या लहान मार्गांचा. त्यासाठी सरकारने 'शाखामार्ग कंपन्यां'चे धोरण आखले. या धोरणात सरकार जमीन देई. खाजगी कंपनी भांडवल उभारून मार्ग बांधी. आणि गाड्या चालविण्याचे काम बहुधा शेजारचा मुख्य मार्ग करी. शाखेमुळे मुख्य मार्गाला जी जादा वाहतूक मिळे, तिच्या उत्पन्नातील काही वाटा शाखेच्या कंपनीला सूट म्हणून देऊन तिच्या भागधारकांचा लाभांश एका पातळीपर्यंत आणण्याची तरतूद होती. काही कंपन्यांना त्याऐवजी थेट व्याजाची हमी मिळे.

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने या धोरणाचा लाभ घेतला. ही पेढी 'मॅनेजिंग एजन्सी' पद्धतीने काम करी. म्हणजे ती कंपनी स्थापन करी, भाग विकून भांडवल जमवी, हिशेब आणि व्यवस्थापन पाही आणि त्याबद्दल मेहनताना घेई. भागधारक मात्र वेगळे असत. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील मार्गही याच पेढीच्या व्यवस्थापनाखाली होता. १९१० मध्ये तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची स्थापना केली. १ ऑगस्ट १९१३ रोजी भारतमंत्र्यांशी करार झाला आणि १९१३ च्या सुमारास एलिचपूर–यवतमाळ रेल्वे वाहतुकीस खुली झाली. पुलगाव–आर्वी मार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. दारव्ह्याहून पुसदकडेही पुढे एक फाटा काढण्यात आला होता. तो नंतर उखडला गेला.

येथे एक कालविसंगती नोंदविणे आवश्यक आहे. अनेक लोकप्रिय लेखांत हा मार्ग १९०३ मध्ये बांधला गेल्याचे म्हटले जाते आणि त्याच लेखांत कंपनीची स्थापना १९१० ची दिलेली असते. स्थापनेपूर्वी सात वर्षे कंपनीने मार्ग बांधणे शक्य नाही. एकाच परिच्छेदातील ही विसंगती वर्षानुवर्षे उद्धृत होत राहावी, यावरून स्थानिक इतिहासलेखनात मूळ कराराकडे किती कमी लक्ष दिले गेले, याची कल्पना येते.

मालवाहतुकीचे स्वरूप

मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचा, तर हा मार्ग नॅरोगेज, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. नॅरोगेजमध्ये रूळ हलके लागतात, वळणे अधिक घेता येतात आणि भराव, पूल यांचा खर्च कमी होतो. अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल वाहता येतो हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेने १८९७ पासून सिद्ध केले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने डब्यांचे वजन अनेक आसांवर समप्रमाणात विभागून हलक्या रुळांवरून जड माल नेण्याची पद्धत तेथे विकसित केली होती. थोड्या भांडवलात शाखा उभारू इच्छिणाऱ्या कंपनीला नॅरोगेज सोयीचे वाटणे त्यामुळे स्वाभाविक होते.

या बचतीची किंमत मूर्तिजापूर येथे मोजावी लागे. यवतमाळ किंवा अचलपूरहून आलेला माल तेथे नॅरोगेजच्या डब्यांतून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. सुटा कापूस वजनाला हलका आणि आकाराने मोठा. तो अशा रीतीने दोनदा हाताळणे परवडणारे नव्हते. त्यामुळे कापूस आधी जिनमध्ये सरकीपासून वेगळा करून, प्रेसमध्ये दाबून, सुमारे ४०० पौंडांच्या गाठी बांधूनच रेल्वेत चढविणे व्यवहार्य ठरे. कापसाच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रेल्वे स्थानकांजवळ एकवटलेले दिसतात, त्यामागे हा हिशेब आहे. कारखान्याभोवती अडत्ये आणि दलाल, त्यांच्याभोवती सावकारी आणि धर्मशाळा, असा बाजारपेठांचा विस्तार झाला. परतीच्या गाडीत मीठ, कापड, घासलेट असा माल येई.

कापसाचा हंगाम साधारणतः चार-पाच महिन्यांचा असतो. उरलेल्या महिन्यांत वाहतूक मंदावे. परंतु रूळ, पूल आणि कर्मचारी यांचा खर्च बाराही महिने चालू राही. एकाच पिकावर आणि एकाच हंगामावर विसंबलेल्या मार्गाची ही मूलभूत दुर्बलता होती. जोवर कापसाला दुसरी वाट नव्हती तोवर ती झाकलेली राहिली.

'मँचेस्टरसाठी बांधलेली रेल्वे' : एक तपासणी

वऱ्हाडातील पहिले लोहमार्ग लँकेशायरच्या गरजेतून आले हे निर्विवाद आहे. १८६० च्या दशकात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा सरकारवर दबाव होता आणि मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी रिव्हेट-कारनॅक या स्वतंत्र कापूस आयुक्ताची नेमणूकही झाली होती. परंतु शकुंतलेचा मार्ग त्यानंतर सुमारे अर्धशतकाने आला आणि मधल्या काळात कापसाचा बाजार पालटला होता.

लँकेशायरची यंत्रे लांब धाग्याच्या अमेरिकी कापसाला अनुरूप होती. युद्ध संपताच तेथील गिरण्या पुन्हा अमेरिकी कापसाकडे वळल्या. दुसरीकडे वऱ्हाडच्या शेतकऱ्याने उत्तम प्रतीच्या 'बनी' वाणाऐवजी अधिक उतारा देणाऱ्या आणि काटक अशा आखूड धाग्याच्या 'जरी' वाणाला पसंती दिली. हा कापूस घेणारे ग्राहक होते मुंबईच्या गिरण्या, जर्मनी, बेल्जियम, इटली आदी युरोपीय देश आणि जपान. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली होती. १८९३ मध्ये टाटांच्या पुढाकाराने मुंबई–जपान असा जहाजमार्ग निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने सुरू केला. त्याचा मुख्य आधार कापूस हाच होता. १९१३ पर्यंत भारतातून निर्यात होणाऱ्या कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक जपान बनला होता आणि इंग्लंडचा वाटा अल्प राहिला होता.

म्हणजे, यवतमाळहून निघालेली गाठ मँचेस्टरपेक्षा परळच्या एखाद्या गिरणीत किंवा ओसाकाला पोहोचण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. याचा अर्थ वसाहतवादी शोषण झाले नाही असा मुळीच नाही. कच्चा माल बाहेर नेण्याची दिशा, त्यासाठी आखलेले दर आणि धोरण वसाहतीचेच होते. परंतु या रेल्वेच्या लाभार्थ्यांत मुंबईचे भारतीय गिरणीमालक, वऱ्हाडचे अडत्ये आणि जपानी खरेदीदार हेही होते. 'मँचेस्टर' हा एकच शब्द वापरला की हे सर्व घटक दृष्टीआड होतात. मँचेस्टरशी या मार्गाचे प्रत्यक्ष नाते होते ते इंजिनाचे : १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

मालकी म्हणजे नेमके काय ?

'रेल्वे कोणाची ?' या प्रश्नाचे एकवाक्यी उत्तर या बाबतीत देता येत नाही. शाखामार्ग धोरणानुसार जमीन सरकारने उपलब्ध करून दिलेली. रूळ, पूल, इमारती ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची मालमत्ता. गाड्या चालविणे, कर्मचारी नेमणे, तिकिटे आणि मालाचे दर आकारणे हे काम जी.आय.पी. रेल्वेचे. जी.आय.पी.ची मालमत्ताही १९०० मध्येच सरकारने विकत घेतली होती आणि १ जुलै १९२५ पासून तिचा कारभारही सरकारच्या हाती आला. उत्पन्नातील कराराने ठरलेला वाटा कंपनीला मिळे. थोडक्यात, १९२५ नंतर सरकारच्या जमिनीवर कंपनीच्या रुळांवरून सरकारी रेल्वेच गाड्या चालवीत होती.

आता इंग्रजांच्या मालकीविषयी. किलिक निक्सन ही मुळात इंग्रजांनी स्थापन केलेली पेढी होती, हे खरे. परंतु सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे ही मुंबईत नोंदलेली आणि रुपयांत भांडवल उभारलेली कंपनी होती. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सनचे नियंत्रणही भारतीय उद्योजकांकडे आले. १९७० मध्ये तर मॅनेजिंग एजन्सी ही पद्धतीच कायद्याने संपुष्टात आली. अर्थात ज्या पद्धतीतून ही रेल्वे जन्मली ती पद्धती नाहीशी झाली, पण तिने केलेला करार मात्र पुढे अनेक दशके जिवंत राहिला. 'इंग्रजांना आजही भाडे जाते' हे विधान त्यामुळे वस्तुस्थितीला धरून नाही. पैसे जात होते ते एका भारतीय कंपनीला, वसाहतकाळात आखलेल्या कराराच्या अटींनुसार. हा फरक केवळ शब्दांचा नाही. परकीय मालक हे चित्र भावनेला आवाहन करते, परंतु त्यामुळे कराराचा दुसरा पक्ष, म्हणजे आपलेच शासन, चर्चेतून सुटते.

राष्ट्रीयीकरण आणि 'विसरलेला' मार्ग

विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ च्या अहवालात रेल्वेच्या सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केली. शाखामार्ग कंपन्यांची संख्या वाढविण्याऐवजी कमी करावी, असे या समितीचे मत होते. त्यानंतर या धोरणाला सरकारने विराम दिला. परंतु नवीन कंपन्या न काढणे आणि जुन्या विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कंपन्यांबाबत प्रत्येक कराराची मुदत आणि खरेदीची अट पाहून निर्णय होत गेले.

स्वातंत्र्यानंतर १९५१–५२ मध्ये रेल्वेची विभागीय पुनर्रचना झाली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. राष्ट्रीयीकरणाच्या या टप्प्यात शकुंतला 'विसरली गेली' असे सांगितले जाते. याची पारख करण्यासाठी बार्शी लाइट रेल्वेशी तुलना उपयुक्त ठरते. बार्शी लाइट ही १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी होती. कुर्डुवाडी–बार्शीपासून आरंभ करून तिने पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग उभारला. महत्त्वाचे म्हणजे ती आपल्या गाड्या स्वतः चालवीत असे. तिचे इंजिन, डबे आणि कर्मचारी स्वतःचे होते. १ जानेवारी १९५४ रोजी शासनाने ती विकत घेऊन मध्य रेल्वेत विलीन केली. म्हणजे इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी ताब्यात घेतली गेली आणि मुंबईत नोंदलेली तशीच राहिली. परकीय मालकी हा निकष असता तर नेमके उलट घडले असते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या भेदाचे स्पष्टीकरण चालविण्याच्या अधिकारात आहे. बार्शी लाइट ताब्यात घेतल्याशिवाय तेथील वाहतुकीवर शासनाचे थेट नियंत्रण येणार नव्हते. शकुंतलेच्या बाबतीत हे नियंत्रण आधीच मध्य रेल्वेकडे होते. मार्ग विकत घेतला तर भांडवली मोबदला द्यावा लागणार, आणि न घेतला तरी गाडी आपलीच. अशा स्थितीत खरेदी पुढे ढकलणे लेखापालाच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. शिवाय देशातील इतर खाजगी लहान मार्गांचे उदाहरणही समोर होते. मार्टिन कंपनीच्या व्यवस्थापनाखालील शाहदरा–सहारनपूर मार्ग १९७० मध्ये आणि हावडा–आमटा मार्ग १९७१ मध्ये बंद पडले. ट्रक आणि बसच्या स्पर्धेत टिकू न शकणारा मार्ग विकत घेण्याचा उत्साह कोणत्याही अर्थखात्यास वाटला नसता.

विस्मृतीच्या विधानाविरुद्ध सर्वांत सबळ पुरावा मात्र करारच देतो. या कराराचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण होत गेले. शेवटचे २००६ मध्ये झाले आणि त्याची मुदत २०१६ मध्ये संपली. प्रत्येक वेळी फाईल उघडली गेली, खरेदीचा विचार झाला आणि सही झाली. कालिदासाच्या नाटकात दुष्यंताला शापामुळे शकुंतलेचा विसर पडतो आणि अंगठी पाहून ओळख पटते. येथे अंगठी, म्हणजे करारपत्र, दर दहा वर्षांनी समोर येतच होते. ओळख पटूनही निर्णय पुढे ढकलला गेला, याला विस्मृती म्हणता येत नाही.

मालवाहतूक ते प्रवासी गाडी : ऱ्हासाची प्रक्रिया

स्वातंत्र्योत्तर काळात विदर्भात पक्के रस्ते झाले. ट्रक जिनच्या दारातून गाठी उचलून थेट गिरणीच्या दारात पोहोचवू लागला. मूर्तिजापूरची चढउतार, तेथे होणारा विलंब, मालाची नासधूस हे सर्व त्यामुळे टळले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खाजगी व्यापाऱ्यांची साखळी बदलली. १९८० च्या दशकापासून मुंबईच्या गिरण्याही एकेक करून बंद पडू लागल्या. ज्या मालासाठी ही रेल्वे बांधली गेली तो माल अशा रीतीने तिच्यापासून दूर गेला.

राहिले ते प्रवासी. शेतमजूर, विद्यार्थी, आठवडी बाजाराला जाणारे छोटे विक्रेते आणि बसभाडे न परवडणारी कुटुंबे यांच्यासाठी ही संथ गाडी अखेरपर्यंत उपयोगाची होती. मार्गाची अवस्था खालावल्याने वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास आला. मोजक्या कर्मचाऱ्यांवर कारभार चाले. गार्डनेच तिकिटे द्यावीत आणि गाडीवरील माणसांनीच उतरून फाटक लावावे, अशी स्थिती होती.

या ऱ्हासाचे एक कारण मालकीच्या विभाजनात आहे. जो गाडी चालवितो तो मालक नाही, म्हणून रूळ आणि पूल यांत मोठी भांडवली गुंतवणूक करण्याचे त्याला प्रयोजन नाही. जो मालक आहे तो गाडी चालवीत नाही, दर ठरवीत नाही, वेळापत्रक आखत नाही. म्हणून गुंतवणुकीतून उत्पन्न वाढविण्याचे साधन त्याच्या हाती नाही. १९१३ मध्ये ही विभागणी सोयीची होती, कारण कापूस भरपूर होता आणि दोन्ही पक्षांना वाटून घेण्यासाठी नफा होता. नफा संपल्यावर वाटून घेण्यास केवळ जबाबदारी उरली आणि ती स्वीकारण्यास कोणीच बांधील नव्हते.

२०१६ नंतर

२०१६ मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याच वर्षी या मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतरास तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यानंतर आधी यवतमाळकडील आणि पुढे अचलपूरकडील गाडी थांबली. मार्ग पुन्हा सुरू व्हावा यासाठी परिसरातील नागरिकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. दरम्यान यवतमाळला जोडणाऱ्या वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम केंद्र व राज्य यांच्या संयुक्त खर्चातून सुरू झाले आणि त्यातील वर्धा–कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला. म्हणजे यवतमाळसाठी पर्याय आकारास येत आहे. परंतु दारव्हा, कारंजा, अंजनगाव, अचलपूर या गावांचा प्रश्न या नव्या मार्गाने सुटत नाही. जुनी शाखा नेमकी याच गावांसाठी होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हा लोहमार्ग वऱ्हाडच्या कापसासाठी बांधला गेला; परंतु त्याच्या उभारणीच्या काळात या कापसाचे मुख्य ग्राहक मुंबई, जपान आणि युरोप खंडातील देश होते. 'मँचेस्टर' हे स्पष्टीकरण १८६० च्या दशकाला लागू पडते, १९१३ ला नाही.

२. मालकी एकसंध नव्हती. जमीन, रूळ आणि वाहतूक यांचे हक्क वेगवेगळ्या पक्षांकडे होते. कंपनी मुंबईत नोंदलेली होती आणि तिच्या व्यवस्थापक पेढीचे नियंत्रण स्वातंत्र्यानंतर भारतीयांकडे आले.

३. मार्गाचे राष्ट्रीयीकरण न होणे हा विसराळूपणा नव्हता. दर दहा वर्षांनी जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांची ती मालिका होती.

४. मालकी आणि संचालन यांची फारकत हे मार्गाच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले.

यातील तिसरा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास विशेष महत्त्वाचा वाटतो. आपल्या प्रदेशातील उणिवांचे खापर दूरच्या इंग्रजांवर फोडणे सोपे असते, कारण ते उत्तर देण्यास येत नाहीत. परंतु १९४७ नंतरच्या प्रत्येक नूतनीकरणावर सही करणारे शासन आपले होते आणि त्या निर्णयांविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपलाच होता. तो अधिकार आपण 'इंग्रजांची रेल्वे' या कौतुकमिश्रित संतापात खर्च केला.

आज पायाभूत सुविधांत खाजगी भागीदारीची चर्चा पुन्हा जोरात आहे. शासनाने जमीन द्यावी, खाजगी कंपनीने बांधावे आणि उत्पन्न वाटून घ्यावे, ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. वऱ्हाडात ती शंभर वर्षांपूर्वी राबविली गेली आहे. असे करार करताना नफ्याचा वाटा काटेकोरपणे लिहिला जातो. नफा संपल्यावर देखभाल कोणी करावी आणि प्रवाशांना कोण उत्तरदायी राहील, हे मात्र तितक्याच काटेकोरपणे लिहावयास हवे. मूर्तिजापूरच्या गवतात दडलेले अडीच फुटी रूळ याची साक्ष देत आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र आणि वाणिज्य विभागांनी एकत्र येऊन या मार्गाची करारपत्रे, बाजार समित्यांचे जुने अहवाल आणि स्थानक परिसरातील वृद्धांच्या आठवणी यांचे संकलन केले, तर वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन हाती येईल. हे काम रूळ उखडले जाण्यापूर्वी होणे इष्ट आहे.